गांज्याचा प्रश्न : बंदी की बंदोबस्त?

या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "गांजा." फोनवर जरा वेळ कोणी बोलेना. मग त्यांतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "विषय चालेल, पण तुम्ही बाजूने बोलणार की विरुद्ध?" त्यांना तेव्हा जे थोडक्यात सांगितले तेच येथे सविस्तर मांडावयाचे आहे. गांजा बंद असावा की खुला असावा, एवढ्यावरच वाद घालीत बसले की खरे प्रश्न बाजूला राहतात. पिकवणार कोण, विकणार कोण, माल किती कडक, भाव काय, कोणाच्या हाती तो पडू द्यावयाचा नाही, आणि ज्याच्या खिशात पुडी सापडली त्याचे काय करावयाचे, हे ते प्रश्न होत. बंदी हेही या प्रश्नांचे एक उत्तरच आहे. प्रत्येक उत्तराची किंमत कोणीतरी भरीत असतो, आणि ती कोण भरतो हे पाहण्याची आम्हां संघटनावाल्यांना सवय असते. म्हणून हा विषय घेतला. आम्ही स्वतः बिडीसुद्धा ओढीत नाही. हे प्रौढीने नव्हे, पुढे कोणी भलती शंका घेऊ नये म्हणून सांगून ठेवतो.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. झाड एकच, पण त्याचे पदार्थ तीन. पाने वाटून होते ती भांग. मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा. आणि त्या फुलोऱ्यावर सुटणारी चिकट राळ खरडून गोळा केली की तो चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते पानांत थोडे, फुलोऱ्यात पुष्कळ आणि राळेत त्याहून अधिक असते. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पराग मादीवर पडला की बी धरते आणि राळ उतरते. म्हणून गांज्याच्या शेतातले नर वेळीच ओळखून उपटावे लागतात. बंगालमधील नौगावच्या बाजूला या कामासाठी खास जाणता माणूस बोलावीत, त्याला पोद्दार म्हणत. सांगावयाचे एवढेच की हे पीक आपोआप रानात उगवलेले नव्हे. त्यात शेतकऱ्याचे कसब होते, मजुराचे श्रम होते आणि सरकारचा हिशेब होता.

आता कायदा. आज आपल्याकडे १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू आहे. हे नाव एका दमात कोणाला घेता येत नाही, म्हणून वकीलमंडळी त्याला एनडीपीएस म्हणतात. त्यात गांज्याची व्याख्या आहे ती फुलोऱ्याच्या शेंड्यांची. पाने आणि बिया शेंड्यांबरोबर नसतील तर त्या व्याख्येत येत नाहीत. यामुळे भांग या कायद्याच्या बाहेर राहिली आणि राज्याराज्यांच्या अबकारी कायद्यांखाली गेली. उत्तरेकडे काही ठिकाणी सरकारी परवान्याची भांगेची दुकाने भररस्त्यावर चालतात. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे भांगेलाही परवाना लागतो. एकाच झाडाचे पान काशीला दुकानात बसते आणि फूल तुरुंगात जाते, असा हा प्रकार आहे.

शिक्षा ठरते ती वजनावर. गांजा १ किलोच्या आत असला तर ते अल्प प्रमाण. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की ते व्यापारी प्रमाण. त्याला किमान १० वर्षे आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. केवळ ओढला एवढाच गुन्हा असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर हे पायरी-पायरीने नीट रचलेले दिसते. प्रत्यक्षात या पायऱ्यांवर कोण उभा असतो ते पुढे सांगतो. त्याआधी थोडे मागे जाणे जरूर आहे. कारण सव्वाशे वर्षांपूर्वी हाच वाद आपल्या देशात एकदा कसोशीने झालेला आहे आणि आपण तो विसरलो आहो.

१८९३ च्या मार्चमध्ये विलायतेच्या पार्लमेंटात विल्यम केन नावाच्या सभासदाने गांज्याचा प्रश्न उपस्थित केला. केन हे मद्यपाननिषेधाच्या चळवळीतले. गांजा ओढून हिंदुस्थानातली माणसे वेडी होतात, इस्पितळे त्यांनी भरली आहेत, असा तेव्हा बोभाटा होता. चौकशी मुळात बंगालपुरती मागितली होती. सरकारने ती साऱ्या हिंदुस्थानाला लागू केली आणि सात जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सातांपैकी तिघे हिंदी : राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. या आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल लिहिला. आम्ही त्याचा काही भाग शब्दकोश जवळ घेऊन वाचला. सरकारी इंग्रजी असूनही तो वाचण्यासारखा आहे, कारण लिहिणाऱ्यांनी ऐकीव गोष्टीवर विसंबावयाचे नाही असे ठरवलेले दिसते.

वेडाची गोष्टच घ्या. १८९२ साली देशातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसे दाखल झाली. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे दप्तरात लिहिलेले होते. आयोगाने हा आकडा तसाच उचलला नाही. एकेका माणसाचे प्रकरण उघडून, त्याच्या गावी विचारपूस करवून, ती नोंद कोणी आणि कशावरून केली याचा शोध घेतला. तेव्हा असे निघाले की पुष्कळ ठिकाणी ज्या पोलिसाने त्या माणसाला आणले त्यानेच कारण सांगितले होते, आणि कारकुनाने ते रकान्यात उतरवले होते. रकाना रिकामा ठेवणे किंवा "माहीत नाही" असे लिहिणे वरच्यांना आवडत नसे. गांजा हा शब्द मात्र सर्वांना पटत असे. सारी छाननी झाल्यावर २२२ पैकी ९८ प्रकरणे उरली, म्हणजे एकूण दाखल झालेल्यांत शेकडा सुमारे सात. त्यांतही काहींना दुसरी कारणे होतीच. ज्या कोणाला कारखान्यातील अपघातांच्या नोंदवह्या पाहण्याचा योग आला असेल त्याला हे नवे वाटणार नाही. तेथेही "कामगाराचा निष्काळजीपणा" हे वाक्य असेच रकान्यात बसलेले असते.

आयोगाचा निष्कर्ष थोडक्यात असा. बेताने सेवन करणाऱ्याला म्हणण्यासारखी इजा होत नाही. अतिसेवन घातक आहे. आणि सेवन करणाऱ्यांत बेताने करणारेच बहुसंख्य आहेत. सरसकट बंदी घातली तर लोक चोरून पिकवतील किंवा याहून वाईट नशेकडे वळतील. म्हणून बंदी नको, बंदोबस्त हवा. बंदोबस्ताची कलमे चार : लागवड परवान्यानेच आणि ठरलेल्या भागातच व्हावी, मालावर पुरेसा कर असावा, दुकानांची संख्या मर्यादित असावी, आणि एका माणसाने जवळ किती बाळगावे याला मर्यादा असावी. यातले बरेचसे बंगालमध्ये आधीपासून चालू होते. मुंबई इलाख्यात ही लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात होत असे.

येथे आमच्यातला संशयी माणूस जागा होतो. ज्या सरकारला गांज्यापासून महसूल मिळत होता त्याच सरकारने नेमलेला आयोग "बंदी नको, कर घ्या" असे सांगतो, यावर कितपत विश्वास ठेवावयाचा? मालकाने नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल आम्ही जसा वाचतो तसाच हाही वाचला. त्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, शशिशेखरेश्वर राय आणि निहालचंद यांनी, भिन्नमतपत्रिका जोडल्या आहेत. आपल्या लोकांचे नुकसान बहुमताला दिसते त्याहून मोठे आहे, असे त्यांना वाटले. त्यांचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. तरीपण एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. त्या आयोगाने आधी मोजले आणि मग मत दिले, आणि विरोधी मतही त्याच अहवालात छापले. पुढच्या शंभर वर्षांत गांज्याविषयी जे निर्णय झाले त्यांत एवढे तरी कोठे घडले?

ते निर्णय असे झाले. १९६१ साली न्यूयॉर्कला अंमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६४ च्या डिसेंबरात तो अमलात आला. अफू-कोकेनच्या पंगतीला गांजाही बसवला गेला. जेथे जुनी वहिवाट होती अशा देशांना ती मोडण्यासाठी २५ वर्षांची सवलत मिळाली. भारताने ती घेतली. मुदत सरत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. लोकसभेत तो ऑगस्टच्या अखेरीस मांडला गेला, सप्टेंबरच्या मध्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. शेकडो वर्षांची वहिवाट तीन महिन्यांत गुन्हा ठरली. त्यानंतर २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांज्याला अत्यंत घातक पदार्थांच्या यादीतून काढले. २७ मते बाजूने, २५ विरुद्ध, एक तटस्थ; भारताचे मत बाजूने पडले. मात्र घरच्या कायद्यात त्याने काही फरक पडला नाही.

आता त्या पायऱ्यांवर कोण उभा असतो ते सांगतो. आमच्या संघटनेत बाजारसमितीतला एक हमाल आहे, वय चाळीसच्या पुढे. रात्री दोन वाजता ट्रक लागतात, पहाटेपर्यंत पोती उतरतात. मग हा गडी नाल्याच्या भिंतीआड बसून चिलीम ओढी. एका पहाटे तो पकडला गेला. कबूल केले तर दंडावर सुटशील, नाहीतर तारखांना येत राहा, असे त्याला सांगण्यात आले. हमालाची एक तारीख म्हणजे एक हजेरी बुडणे. त्याने कबूल केले, दंड भरला, न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा बाकावर बसून भोगली आणि संध्याकाळी घरी आला. प्रकरण मिटले असे त्याला वाटले, आम्हांलाही वाटले. तीन वर्षांनी त्याची पाठ गेली. आम्ही खटपट करून त्याला एके ठिकाणी राखणदारीची नोकरी पाहिली, तेव्हा पोलीस पडताळणीत ती जुनी शिक्षा निघाली आणि नोकरी गेली. गांज्याने त्याचे नुकसान किती केले हे वैद्यांनी सांगावे. कायद्याने किती केले हे आम्ही पाहिले.

हा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून द्यावा, तर विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांचे १०,६६९ खटले तपासले आहेत. त्यांतले बहुतेक सारे केवळ सेवनाचे होते, विक्रीचे नव्हे. आणि दहांतले आठांहून अधिक गांजा-चरसाचे. ज्यांना शिक्षा झाली त्यांनी गुन्हा कबूल केला होता. आणि ही माणसे कोण? बहुतेक रोजंदारीवर जगणारी, झोपडपट्टीत नाहीतर पदपथावर राहणारी. याचा अर्थ बंगल्यात गांजा ओढला जात नाही असा नव्हे. बंगल्याला दार असते, हमालाला नाल्याची भिंत असते, एवढाच फरक आहे.

पिकवणाऱ्याकडेही तेच. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरील डोंगरांतून माल निघतो आणि रेल्वेने, ट्रकने इकडे येतो. आपल्याकडे शिरपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस-तुरीच्या आड लावलेली रोपे अधूनमधून उपटली जातात. गजाआड जातो तो पाठीवर गाठोडे वाहणारा आदिवासी किंवा रोपांना पाणी घालणारा मजूर. ज्याने पैसे गुंतवले त्याचे नाव वर्तमानपत्रात क्वचितच येते.

इतके ऐकल्यावर आम्ही गांज्याचे वकील आहो असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरी हकीकतही सांगितली पाहिजे. ती सांगण्यात आम्हांला आनंद नाही. एका औद्योगिक वसाहतीत पत्रा कापण्याच्या प्रेसवर अपघात झाला. चालवणाऱ्याने पायाने पेडल दाबले तेव्हा मदतनीस पोराचा हात आत होता. दोन बोटे गेली. प्रेसला संरक्षक जाळी नव्हती, हे खरे. आम्ही चौकशीत जाळीवर जोर दिला आणि तो मुद्दा जिंकलोही. परंतु चालवणारा जेवणाच्या सुट्टीत ओढून आला होता, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही ते बोललो नाही. बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती, खटला झाला असता, आणि मालकाला जाळीचा प्रश्न गांज्याच्या धुराआड लपवता आला असता. त्या पोराच्या आईने पुढे आम्हांला एकदा सरळ विचारले, "दादा, तुमाला म्हाईत होतं का?" आम्ही होय म्हणालो. त्यानंतर त्या घरी जाण्याचा धीर झाला नाही. कायदा असा असावा की खरे बोलणाऱ्याला खरे बोलता यावे; सध्याच्या कायद्यात प्रत्येकाला काहीतरी लपवण्याचे कारण आहे. हे आमच्या वागण्याचे समर्थन नव्हे.

अपायाची बाजू आज १८९४ पेक्षा अधिक स्पष्ट झाली आहे. माल पूर्वीचा राहिलेला नाही. निवडक बियांपासून बंदिस्त जागेत वाढवलेल्या गांज्यात टीएचसीचे प्रमाण पुष्कळ जास्त असते. २०१९ साली युरोपातील काही शहरे आणि ब्राझील येथील पाहणीत असे दिसले की असा कडक माल रोज ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांच्या मानाने, वास्तवाचे भान सुटण्याच्या मानसिक आजाराचा संभव सुमारे पाचपट असतो. कोवळ्या वयात सुरुवात झाली तर धोका वाढतो. सवय लागत नाही हा समजही चुकीचा आहे. सर्वांना लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांची संख्या थोडी नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख आहेत. त्यांत गांजा-चरसवाले सुमारे १ कोटी ३० लाख. उपचाराची वा मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. त्याच पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले.

दारूचा उल्लेख निघालाच आहे, तर खुल्या केलेल्या नशेचे काय होते हे त्यावरून पाहता येईल. आपल्या राज्याने दोन्ही प्रयोग करून पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात बायांनी पायपीट करून, मोर्चे काढून दारूबंदी मिळवली. ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. उठवताना सांगितले गेले की चोरटी दारू वाढली, महसूल बुडाला. पहिले कारण खरे असेल. दुसरे कारण ऐकले की आम्हांला भीती वाटते. ज्या सरकारचा खर्च बाटलीवर चालतो ते सरकार बाटली कमी व्हावी म्हणून मनापासून काय करणार? उलट बाजूही पाहा. मुंबईत दारू बंद नव्हती. तरी २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. गरिबाला परवान्याची दारू परवडत नव्हती, म्हणून तो गल्लीतल्या पिशवीकडे गेला आणि तिच्यात मिथेनॉल होते. तेव्हा नुसता परवाना दिल्याने चोरटा धंदा मरत नाही. कर फार चढवला की तो जगतो, आणि कर फार उतरवला की पोरेसोरेही पिऊ लागतात. १८९४ च्या आयोगाने "पुरेसा कर" असा शब्द वापरला तो किती जपून वापरला होता, हे अशा वेळी कळते.

परदेशांत गेल्या काही वर्षांत जे चालले आहे त्यातले तीनच नमुने घेतो. उरुग्वे या छोट्या देशाने २०१३ साली कायदा करून सारा व्यवहार सरकारी देखरेखीखाली घेतला. तेथे नाव नोंदवावे लागते. मग घरी सहा झाडे लावा, किंवा मंडळाचे सभासद व्हा, किंवा औषधांच्या दुकानातून घ्या. तिन्हींपैकी एकच मार्ग, आणि महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा. दुकानातला भाव सरकार ठरवते. जाहिरात नाही. परदेशी पाहुण्यांनाही हा व्यवहार खुला ठेवला नव्हता. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून खुली विक्री सुरू केली. वयाची अट, साधे वेष्टण, जवळ बाळगण्यास ३० ग्रॅमची मर्यादा, हे सारे केले, परंतु उत्पादन मुख्यतः मोठ्या कंपन्यांकडे गेले आणि त्यांचे भाग शेअरबाजारात नाचू लागले. तिसरा नमुना थायलंडचा. तेथे जून २०२२ मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम करणारा कायदा झालाच नाही. हजारो दुकाने उघडली. २०२५ साली सरकारला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. दार उघडावयाचे तर चौकट आधी बसवावी लागते. थायलंडने दार आधी उघडले.

आमचा कल उरुग्वेकडे आहे, कॅनडाकडे नाही. का, तर बिडी-तंबाखूचा धंदा आम्ही जवळून पाहिला आहे. तेथे नशा कायदेशीर आहे, बाई हजार बिड्या वळते, तिच्या छातीत तंबाखूची धूळ जाते, आणि नफा लेबलाच्या मालकाला जातो. गांजा उद्या खुला झाला आणि तो अशाच हातांत गेला, तर आज तुरुंगात जाणारा आदिवासी उद्या कंपनीच्या शेतावर रोजंदारीला जाईल आणि कंपनी पंधरा वर्षांच्या पोराला नवे गिऱ्हाईक म्हणून पाहील.

याला दुसरा मार्ग नव्हता असे नाही. ज्या नौगावचे नाव वर आले तेथे १९१७ साली गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. सरकार लागवडीला मर्यादा घाली, माल ठरलेल्या वखारीत जाई, आणि विक्री संस्थेच्या हाती असे. फाळणीनंतर नौगाव पूर्व पाकिस्तानात गेले, पुढे बांगला देशात. तेथील लागवड १९८७ साली बंद करण्यात आली. म्हणजे शेतकऱ्यांच्या मालकीने, मोजूनमापून, सरकारच्या डोळ्यांदेखत हे पीक सत्तर वर्षे घेतले गेले होते. सहकाराचे दोष आम्हांला ठाऊक नाहीत असे नाही. साखरेच्या राज्यात राहून ते ठाऊक नसणे शक्य नाही. पण सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत उभे राहून हिशेब तरी मागता येतो.

तेव्हा आमचे मत असे. पहिली गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे : स्वतःपुरती पुडी बाळगणारा किंवा ओढणारा गुन्हेगार ठरू नये. हवे तर दंडाची पावती फाडा. पण त्याच्या नावावर शिक्षा चिकटवू नका. दुसरी गोष्ट सावकाश करावयाची. उत्तराखंडाने २०१८ पासून तंतू आणि बियांसाठी, नशेचे द्रव्य नाममात्र असलेल्या वाणाची लागवड परवान्याने सुरू केली आहे. तशी लागवड शेतकऱ्यांच्या संस्थांमार्फत आपल्याकडेही करून पाहावी; त्यातून मोजमाप, तपासणी, वखार यांची यंत्रणा तरी उभी राहील. ती नीट चालते असे दिसल्यावर, आणि त्यानंतरच, नशेच्या मालाचा विचार करावा; तोही जाहिरातीविना, लिलावाविना, कडकपणावर मर्यादा घालून, आणि येणारा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता उपचाराच्या वेगळ्या खात्यात जाईल अशा बेताने. ज्या वस्तीत दुकान निघेल तेथील स्त्रियांना मतदानाने ते बंद करण्याचा अधिकार असावा. उभ्या आणि आडव्या बाटलीचे मतदान आपल्या राज्याला नवीन नाही. पंधरा-सोळाच्या मुलांना विकणाऱ्याला मात्र आजच्याहून कडक शिक्षा असावी. यावर आमच्या संघटनेतही एकमत नाही. महिला शाखेतील बहुतेक जणी दुसऱ्या टप्प्यालाच विरोध करतात; घरात दारूने जे पाहिले तेवढे पुरे झाले, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्याला आमच्याकडे तोंडभर उत्तर नाही.

यंत्रावर काम करणाऱ्याविषयी मात्र आम्ही दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसलेलो नाही. आताच्या कायद्यातही ६४-अ हे कलम आहे. सवय लागलेला माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्याच्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. ते फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याच्या आधारे आम्ही एक करारपत्र तयार केले आहे. नशेत यंत्रावर आलेल्या माणसाला त्या दिवशी यंत्रावरून उतरवावयाचे, आणि ते उतरवण्याचा अधिकार सोबतच्या कामगारालाही. तो उपचाराला गेला तर नोकरी कायम, रजा अर्ध्या पगारी. आणि त्याच कागदावर यंत्राच्या जाळीची तपासणी दर महिन्याला, तिची नोंद कामगारांच्या सहीने. एक बाजू नशेची आणि एक बाजू जाळीची, अशी दोन्ही एकाच पानावर मुद्दाम घेतली आहेत. चार कारखान्यांपुढे हा कागद ठेवला. एकाने सही केली आहे. दोघांनी जाळीचे कलम काढा म्हणून सांगितले, एकाने उत्तर दिलेले नाही. त्यांच्याशी पुढच्या महिन्यात बैठक आहे.